सगळे भाग जुन्या कागदांत सापडले, म्हणून क्लेम उघड ठरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या कंपनीच्या पेटंट अर्जात निळ्या मायक्रो-एलईडीच्या प्रत्येक पिक्सेलवर क्वांटम डॉटचा (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा) थर आहे आणि त्या थराभोवती प्रकाश परावर्तित करून परत आत वळवणारी भिंत आहे. परीक्षकाने पहिल्या तपासणी अहवालात दोन जुने दस्तऐवज पुढे केले. डी-१ मध्ये निळा मायक्रो-एलईडी आणि त्यावर क्वांटम डॉट आहेत, तर डी-२ या जपानी अर्जात पिक्सेलभोवतीची भिंत आहे. दोन्ही एकत्र केले की तुमचा क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये मागितलेल्या हक्काची व्याख्या, तयार होतो, म्हणून तो उघड, म्हणजे जाणकाराला सहज सुचण्यासारखा आहे, असं परीक्षकाचं म्हणणं. तुम्ही विचारता, सगळे भाग सापडलेच आहेत, तर लढण्यासारखं काही उरलंय का?

उरलंय. पण प्रश्न बदलावा लागेल. नावीन्य तपासताना 'हे जसंच्या तसं आधी कुठे होतं का' एवढं विचारलं की भागतं. इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या, म्हणजे शोध उघड तर नाही ना हे तपासण्याच्या वेळी विचारायचं ते वेगळं: अर्जाच्या तारखेला, त्या क्षेत्रातल्या पण तुमचा अर्ज न वाचलेल्या जाणकाराला हे दोन कागद एकत्र आणावेसे का वाटले असते? आणि आणल्यावर काम होईल असा भरवसा त्याला कशावरून वाटला असता?

पेटंटच्या कामात नवखी असताना मी एका अर्जाविरुद्ध तक्ता केला होता. डावीकडे क्लेमचे सात तुकडे, उजवीकडे तीन दस्तऐवजांचे तीन रकाने, तुकडा जिथे सापडला त्या चौकोनात पान आणि ओळ. एकही तुकडा न सापडलेला राहिला नव्हता. माझ्या वरिष्ठांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा माणूस पहिल्या कागदावरून उठून या तिसऱ्याकडे कशाला गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसरा कागद मी क्लेममधलेच शब्द सर्चमध्ये टाकून शोधला होता. मागे छापलेलं उत्तर बघून गणित सोडवावं तसं ते झालं होतं. तेव्हापासून माझ्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना असतो, त्याचं नाव 'का?'. तो भरता आला नाही तर बाकीचे भरलेले चौकोन फारसे उपयोगाचे नाहीत.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगून टाकते. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए) आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही हवं, आणि त्यामुळे तो शोध त्या विद्येतल्या जाणकाराला उघड वाटू नये. 'आर्थिक महत्त्व' हे शब्द वाचून पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि उत्तरात विक्रीचे आकडे भरतात. वाक्याचा दुसरा अर्धा भाग सुटत नाही, हे लक्षात ठेवा. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आजही पायाभूत आहे. खटला होता लेथवर भांडी धरून ठेवण्याच्या साधनाचा. जुना कागद एखाद्या सक्षम कारागिराच्या हाती दिला, पेटंटने सोडवलेली अडचण त्याच्यासमोर आहे, पण पेटंट त्याला ठाऊक नाही. तर तो कागद वाचून 'मला हवं ते यातच आहे' असं म्हणेल का, ही त्यातली कसोटी. त्याच निकालाने हेही सांगितलं की पेटंट मंजूर झालं एवढ्यावरून ते वैध आहे असं गृहीत धरता येत नाही.

अमेरिकेत उघडपणासाठी पेटंट कायद्याचं कलम १०३ आहे. १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या निकालाने क्रम घालून दिला: प्रायर आर्टमध्ये, म्हणजे आधीच्या ज्ञानात, काय आहे, क्लेम त्याहून कुठे वेगळा आहे, जाणकाराची पातळी काय. या तिन्हींसोबत बाजारातलं यश, इतरांचं अपयश असे बाहेरचे पुरावे. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा गाडीच्या पेडलचा खटला झाला. एकत्र करण्याची सूचना जुन्या कागदात लिहिलेलीच हवी हा हट्ट न्यायालयाने सोडायला लावला आणि जाणकार हा यंत्रमानव नसतो, त्याच्याकडे साधारण कल्पकता असते, असं बजावलं. युरोपात जाणकार हे करू 'शकला असता' का, एवढं विचारून भागत नाही. त्याने ते 'केलं असतं' का? माझ्या मते संपूर्ण विषय या एका फरकात येतो.

आता एक खरं प्रकरण जवळून बघू, कारण तुमच्या फाइलशी त्याचं नातं आहे. निळा एलईडी, त्यावर पिवळा फॉस्फर (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणारा पदार्थ) आणि दोन्हींच्या मिश्रणातून पांढरा प्रकाश. एलसीडी पडद्यांमागे हा दिवा वर्षानुवर्षं लागतो आहे. जपानच्या निचिया कंपनीचं यावरचं अमेरिकी पेटंट क्रमांक ५९९८९२५. त्याची जपानी अग्रक्रम तारीख, म्हणजे आधीचं ज्ञान ज्या दिवसापर्यंतचं धरायचं तो दिवस, २९ जुलै १९९६. पहिल्या क्लेमचा गाभा असा: नायट्राइड अर्धवाहकाचा प्रकाशस्रोत, त्याच्या प्रकाशाचा काही भाग शोषून वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश देणारा फॉस्फर, आणि तो फॉस्फर म्हणजे सेरियम घातलेला गार्नेट. या गार्नेट कुळातला सर्वात प्रसिद्ध म्हणजे यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, ज्याला सगळे याग म्हणतात.

जुने कागद तारखेने लावते. १९६७ मध्ये फिलिप्सच्या ब्लास आणि ब्रिल यांनी सेरियमयुक्त यागवर लेख लिहिला. रंगीत टीव्हीच्या फ्लाइंग-स्पॉट नळीसाठी झटकन विझणारा पिवळा फॉस्फर त्यांना हवा होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये पिनो आणि व्हॅन युटर्ट यांनी लेसरच्या डिस्प्लेवर काम केलं. आर्गॉन लेसरचा ४८८ नॅनोमीटरचा निळा किरण यागचा लेप दिलेल्या पडद्यावर फिरवायचा. काही निळा तसाच परततो, काही पिवळा होतो आणि डोळ्याला कृष्णधवल चित्र दिसतं. त्यावरची पेटंटं १९७२ ची. १९९३ च्या जूनमध्ये निचियाचाच एक जपानी अर्ज प्रसिद्ध झाला, त्यात गॅलियम नायट्राइडच्या एलईडीवरच्या राळेत प्रकाशाचा रंग बदलणारा फ्लुरोसंट रंग मिसळला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निचियाने झगझगीत निळा एलईडी जाहीर केला. आणि मार्च १९९६ मध्ये बॅरेट्झ व सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अर्ज दाखल केला, एलईडी आणि फॉस्फर मिळून पांढरा प्रकाश, आणि तो वापरणारा डिस्प्ले.

हे सगळे कागद एका टेबलावर ठेवले की वाटतं, निकाल लागलाच. इथेच थांबा आणि तारखांकडे परत या. बॅरेट्झचा अर्ज जुलै १९९६ मध्ये कुणी वाचलेला नव्हता. तो पेटंट कार्यालयात बंद होता. अमेरिकेच्या कायद्यात आधी दाखल झालेला, पुढे पेटंट म्हणून प्रसिद्ध झालेला अर्ज दाखल तारखेपासूनच प्रायर आर्ट धरतात आणि उघडपणासाठीही वापरतात. युरोपात असा कागद फक्त नावीन्याविरुद्ध चालतो. आपल्याकडेही उघडपणाचा आक्षेप अग्रक्रम तारखेपूर्वी प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर किंवा भारतात झालेल्या वापरावर उभा राहतो; आधी दाखल पण नंतर प्रसिद्ध झालेला अर्ज पूर्वदाव्याच्या, म्हणजे तोच दावा दुसऱ्या अर्जात आधीच केलेला आहे अशा, वेगळ्या आक्षेपात जातो. म्हणजे एकच कागद एका देशात जड आणि दुसऱ्या देशात या मुद्द्यापुरता शून्य. मुंबईतल्या सुनावण्यांमध्ये अमेरिकी सर्च रिपोर्टमधले दस्तऐवज जसेच्या तसे उचललेले मी पाहिले आहेत आणि केवळ प्रसिद्धीची तारीख दाखवल्यावर आक्षेप मागे घेतला गेल्याचंही पाहिलं आहे. तुमच्या डी-१ आणि डी-२ च्या पहिल्या पानावर दाखल तारीख आणि प्रसिद्धीची तारीख या दोन वेगळ्या ओळी असतील. त्या आजच बघा.

बॅरेट्झ बाजूला ठेवला तरी निचियाचा १९९३ चा अर्ज उरतोच, आणि तो सगळीकडे चालतो. त्याच्यापासून सुरुवात केली तर क्लेममधला फरक बराच अरुंद होतो: राळेत रंगाऐवजी सेरियम-गार्नेट. आता अडचण शब्दांत मांडायची. 'निळ्या एलईडीवर याग कसा बसवावा?' अशी मांडली तर उत्तर प्रश्नातच आलं, ती पश्चातबुद्धी. मी अडचण कोऱ्या कागदावर लिहिते आणि नियम असा पाळते की फरकातला एकही शब्द तिथे येता कामा नये. इथे ती अशी होईल: चिपला चिकटून तीव्र प्रकाश आणि उष्णता सोसणारा, निळ्यावर चालणारा आणि पूरक रंग देणारा टिकाऊ पदार्थ हवा.

हे वाचणारा जाणकार कोण? एकटा चिपवाला नव्हे. चिप बनवणारा आणि फॉस्फर जाणणारा असा दोघांचा चमू धरायला हवा, कारण १९९६ मध्ये या कामाला हेच दोघे बसले असते. निचिया स्वतः एलईडीच्या आधीपासून फॉस्फर बनवणारी कंपनी. सेंद्रिय रंग कडक प्रकाशात उडतो हे त्या चमूला कुणी सांगावं लागत नाही. तो अजैव फॉस्फरकडे वळेल. पण ट्यूबलाइटचे नेहमीचे फॉस्फर पाऱ्याच्या २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांवर पेटतात, निळ्यावर नाही. निळ्यावर पेटून पिवळा देणारे, पक्के स्फटिक असलेले पदार्थ शोधायला बसलं की यादी आखूड होते आणि याग तिच्यात अगदी वर येतो. बेल लॅब्जच्या कागदात तर निळा अधिक पिवळा मिळून पांढरा, हे तत्त्वही लिहिलेलं आहे. लेसरचा पडदा कुठे आणि तांदळाएवढा दिवा कुठे, असा आक्षेप येतो. पण सोडवायची अडचण तीच आहे, निळ्याचा पांढरा करणं. म्हणून तो कागद परका ठरत नाही.

दुसरी बाजूही पूर्ण ताकदीने मांडते, कारण ती कमकुवत नाही. याग १९६७ पासून माहीत होता, बेलचं पेटंट १९७२ चं. मग १९९६ पर्यंत हे कुणी केलं का नाही? एवढी वर्षं कुणाला न सुचलेली गोष्ट उघड कशी? हा युक्तिवाद न्यायालयांना भावतो आणि पुष्कळदा बरोबरही असतो. पण मधला काळ कशामुळे रिकामा राहिला ते तपासावं लागतं. इथे कारण साधं आहे: पुरेसा प्रखर निळा एलईडीच नव्हता. खरी वाट बघणं नोव्हेंबर १९९३ ला संपलं, आणि तिथून जुलै १९९६ पर्यंत जेमतेम २ वर्षं ८ महिने होतात. त्याच १९९६ मध्ये अमेरिकेत बॅरेट्झ आणि जर्मनीतही याच दिशेचे अर्ज पडले. अडसर दूर होताच तीन देशांतली माणसं एकाच वाटेला लागतात तेव्हा ती वाट दिसत होती, असंच मला म्हणावं लागतं.

बाजारातल्या यशाचंही तसंच. पांढऱ्या एलईडीने जग बदललं. पण ते यश क्लेममधल्या नव्या भागामुळे आलं की त्याखालच्या निळ्या चिपमुळे? हा धागा जोडता आला नाही तर विक्रीचे आकडे पुरावा म्हणून उभे राहत नाहीत.

एव्हरलाइट या तैवानी कंपनीने या पेटंटला मिशिगनच्या फेडरल न्यायालयात आव्हान दिलं. एप्रिल २०१५ मध्ये ज्यूरीने विचारात घेतलेले क्लेम उघड ठरवले आणि जानेवारी २०१८ मध्ये फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने, तो निकाल कायम ठेवला. ज्यूरी कारणमीमांसा लिहीत नाही, त्यामुळे वरची मांडणी माझी आहे. निष्कर्ष मात्र मला पटतो. आणि घाईने कुणी 'एलईडीची पेटंटं आता टिकत नाहीत' असं म्हणू नये म्हणून हेही सांगते: याच दोन कंपन्यांच्या टेक्सासमधल्या दुसऱ्या खटल्यात, एलईडीच्या पॅकेजिंगबद्दलच्या वेगळ्या पेटंटांवर, त्याच फेडरल सर्किटने एप्रिल २०१७ मध्ये निचियाची ती पेटंटं वैध असल्याचा निकाल कायम ठेवला होता. उघडपणा कंपनीचा किंवा क्षेत्राचा नसतो, एकेका क्लेमचा असतो. मुख्य क्लेम पडला तरी त्याखालचा अवलंबून असलेला क्लेम उभा राहू शकतो.

याच्या अगदी उलट चित्र हवं असेल तर त्याच दिव्यातल्या निळ्या चिपकडे बघा. गॅलियम नायट्राइड निळा प्रकाश देऊ शकतो हे १९७० च्या दशकात माहीत होतं. पण चांगला स्फटिक वाढत नव्हता आणि पी-प्रकारचा, म्हणजे धन विद्युतभार वाहणारा, थर कुणाला जमत नव्हता. बहुतेक प्रयोगशाळा झिंक सेलेनाइड या दुसऱ्या पदार्थाकडे वळल्या होत्या. आकासाकी आणि अमानो यांनी १९८६ मध्ये मधला ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर वापरून चांगला स्फटिक मिळवला, १९८९ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पी-प्रकार साधला; नाकामुरा यांनी नंतर तोच परिणाम नुसत्या तापवण्याने मिळवून दाखवला. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ध्येय सगळ्यांना ठाऊक होतं, पण वाट सापडेल असा भरवसा कुणाला नव्हता. 'करून बघण्यासारखं' आणि 'होईल अशी वाजवी खात्री असलेलं' यांत हे अंतर असतं. क्लेम उघड म्हणायला दुसरी गोष्ट लागते.

आता तुमची फाइल. डी-१ जवळचा कागद आहे हे मान्य करा, त्यावर भांडू नका. दिसत असलेल्या गोष्टी नाकारल्या की सुनावणीत आपलं बाकीचं बोलणंही हलकं होतं. फरक एकच ठेवा: परावर्तित करणारी भिंत. क्वांटम डॉट चारी बाजूंना प्रकाश फेकतात, तो शेजारच्या पिक्सेलमध्ये घुसतो आणि रंग बिघडतात. ही अडचण डी-१ वाचणाऱ्याला जाणवेल, भिंत घालावी असंही त्याला सुचेल. तिथपर्यंत परीक्षकाचं बरोबर आहे. प्रश्न उरतो भिंत कोणती. काळी भिंत प्रकाश गिळते: गळती थांबते, खोलीतला उजेडही परत येत नाही, चित्र गडद दिसतं, पण तयार झालेला रंगीत प्रकाश वाया जातो. पांढरी किंवा धातूची भिंत तो प्रकाश वाचवते, पण खोलीतला उजेडही परत फेकते आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. म्हणजे डी-२ ची भिंत काळी असेल, तर तुमच्या क्लेमपर्यंत यायला जाणकाराला भिंतीचं काम उलटं करावं लागतं आणि कॉन्ट्रास्ट सोडायची तयारी ठेवावी लागते. ते त्याने का केलं असतं, हे अहवालात कुठेही सांगितलेलं नसेल तर तो आक्षेप अपुरा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या ॲग्रीबोर्ड निकालात हेच मागितलं आहे: आधीच्या कागदात काय आहे, अर्जात काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरं जाणकाराला कसं उघड वाटेल, तिन्हींची कारणं आदेशात हवीत.

मात्र डी-२ तुमच्या शोधाच्या 'विरुद्ध शिकवतो' असं लिहायची घाई करू नका. काळी भिंत दाखवणं म्हणजे पांढरीला मनाई करणं नव्हे. तसं म्हणायला पांढऱ्या भिंतीने नुकसान होतं अशा अर्थाचं काहीतरी त्या कागदात सापडायला हवं. आणि तुमच्या अर्जात उजेडातल्या कॉन्ट्रास्टची मोजमापं असतील, अपेक्षेपेक्षा नुकसान कमी झाल्याचं त्यात दिसत असेल, तर तज्ज्ञाच्या प्रतिज्ञापत्रासोबत तीच पुढे करा. अर्जात ज्या फायद्याचा उल्लेखच नाही असा नवा फायदा उत्तराच्या वेळी आणलात तर तो टिकवणं अवघड जातं.

हे सगळं एका शब्दावर उभं आहे, म्हणून शेवटचं काम आधी करा. तुम्ही डी-२ चं मशीन भाषांतर पाठवलंय आणि त्यात त्या भिंतीला 'प्रकाशरोधक' म्हटलंय. जपानी अर्जांत 'शाको' हा शब्द येतो, त्याचा अर्थ फक्त प्रकाश अडवणारा. प्रकाश गिळूनही अडवता येतो आणि परत फेकूनही, त्यामुळे त्या शब्दावरून काहीच ठरत नाही. डी-२ च्या उदाहरणांमधला राळेचा मसाला काढा, जपानी जाणणाऱ्याकडून तेवढी दोन पानं नीट वाचून घ्या आणि भिंतीत कोणती पूड घातली आहे ते बघा. कार्बन ब्लॅक असेल तर वरचं उत्तर लिहायला घ्या. टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर मुख्य क्लेमचा आग्रह सोडा आणि भिंतीचा उतार किंवा उंची यांवरच्या तुमच्या खालच्या क्लेमपैकी कोणता वर घेता येईल ते आपण पाहू.